घोड्याचे रक्तजल आणि माणसाचे सांधे

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे गावाच्या परिसरात पाहाल तर कोकणचा जांभा दगड दिसेल. अशा कातळावर, दगडांच्या फटीत फुरसे दडून बसते. समजा, गवत कापताना एखाद्या मुलाला फुरसे चावले. रुग्णालयात वेळेवर प्रतिविष टोचले आणि तो वाचला. पण आठ-दहा दिवसांनी त्याला ताप आला, अंगावर गांधी उठल्या, गुडघे व मनगटे सुजून दुखू लागली. घरचे म्हणतील, "विष अंगात राहिले!" पण खरे कारण बहुधा वेगळेच असते.

प्रतिविष तयार होते घोड्याच्या शरीरात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून, हळूहळू वाढवीत टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती रक्तातून वेगळी काढून, शुद्ध करून कुप्यांत भरतात.

ही प्रतिपिंडे आपला जीव वाचवतात खरी, पण ती असतात घोड्याची प्रथिने. आपल्या शरीराला ती परकीच. सुमारे आठवड्याभरात शरीर त्यांच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार करते. दोहोंच्या जोड्या जुळून लहान लहान गुंते बनतात. एरवी शरीर असे गुंते साफ करते. पण ते फार झाले की त्वचेच्या, मूत्रपिंडाच्या आणि सांध्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तेथे पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि त्यांच्या हल्ल्याने सांधा सुजतो. सांध्यात जंतू नसतो, विषही नसते!

१९०५ साली व्हिएन्नातील पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. घटसर्पावर घोड्याचे रक्तजल टोचलेल्या मुलांना तो होत असे. इंजेक्शन आणि आजार यांत काही दिवसांचे अंतर का पडते, या प्रश्नावरून त्यांनी ओळखले की आजार रक्तजल एकटे करत नाही. शरीराचा प्रतिसाद त्यात सामील असतो.

गंमत अशी, की घोड्याचे शिंगरूही यातून सुटत नाही. ऱ्होडोकोकस इक्वी हा मातीतला जंतू धुळीबरोबर शिंगराच्या फुप्फुसात शिरून न्यूमोनिया करतो. तेव्हा कधी कधी त्याचे अनेक सांधे फुगतात. मात्र त्यांतील पाणी तपासले तर जंतू सापडत नाही. तेथेही असेच गुंते अडकत असावेत, असे मानतात. फुप्फुस बरे झाले की सूजही ओसरते.

माणसातही घोड्याची प्रथिने संपली की सांधे पूर्ववत होतात. गरज पडल्यास डॉक्टर औषधे देतात. आज पेप्सिन या विकराने प्रतिपिंडाचा नको असलेला भाग तोडून टाकतात, त्यामुळे त्रास कमी झाला आहे.

म्हणून लक्षात ठेवा: सांधेदुखीच्या भीतीने प्रतिविष टाळू नका. सूज उतरते, गेलेला जीव परत येत नाही. साप चावला तर थेट रुग्णालय गाठा. पूर्वी प्रतिविष घेतले असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि इंजेक्शननंतर दोन-तीन आठवड्यांत ताप किंवा सांधेदुखी आली, तर पुन्हा त्यांच्याकडेच जा.