भाड्याने द्यायचे घर



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधलेले घर भाड्याने देऊन पाहावे, असे काही तीत सांगितलेले नाही. पण निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून एखादी सदनिका घ्यावी, ती भाड्याने द्यावी आणि दरमहा येणाऱ्या पैशावर निश्चिंत राहावे, असा बेत या सभेतील चार-दोन मंडळींच्या मनात खचितच असेल. आज मला त्यांच्याशी बोलायचे आहे. त्यांचा बेत मोडावा हा हेतू नाही. परंतु घरभाडे हे बँकेतील व्याजासारखे बसल्या जागी येत नाही. तो एक लहानसा धंदा आहे, आणि त्यात उतरण्यापूर्वी हिशेब व कागद या दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

प्रथम हिशेब. समजा, पुण्यात ५० लाखांची सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. तेव्हा घराची खरी किंमत ५३ लाख ८० हजार झाली. दलाली आणि रंगरंगोटी मी धरीतच नाही. भाडे महिना १५ हजार येते असे माना. बारा महिन्यांचे १ लाख ८० हजार होतात, असे आपण लगेच म्हणतो. आणि पहिली चूक येथेच होते. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर महिनाभर तरी रिकामे राहते. राहिले १ लाख ६५ हजार. त्यातून सोसायटीची वर्गणी वर्षाला ३० हजार, महापालिकेचा कर १० हजार, आणि गळका नळ, बिघडलेला गिझर, भिंतीला आलेली ओल यांचे १५ हजार वजा करा. हाती उरले १ लाख १० हजार. गुंतविलेल्या रकमेवर हे शेकडा दोन पडतात. त्यावर प्राप्तिकर आहेच. मात्र पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट सूट मिळते, एवढा दिलासा आहे.

हेच घर कर्जाने घेणाऱ्याची गोष्ट याहून अवघड. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये बसतो. भाडे १५ हजार. उरलेले जवळजवळ वीस हजार दरमहा पगारातून घालावयाचे. "पण घराची किंमत वाढते ना!" असे कोणी म्हणेल. वाढते, पण सर्वत्र नाही आणि सर्वकाळ नाही; शिवाय वाढलेली किंमत घर विकले तरच हातात पडते, आणि आपल्या लोकांचे मन घर विकायला सहसा धजत नाही. म्हणून ज्याला पुढच्या पाच वर्षांत मुलीच्या शिक्षणाला किंवा आजारपणाला ही रक्कम लागेल असे वाटते, त्याने ती विटांत अडकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीपूर्वीची तपासणी थोडक्यात सांगतो, कारण ती वकिलाकडून करून घ्यायचीच असते. निदान तीस वर्षांचा मालकीचा शोध, पूर्वीच्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचे भागपत्र आणि पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र हवे. नव्या इमारतीचा प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असावा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे करारनामा नोंदविल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तो मागू लागला, तर तेथूनच परत फिरावे.

आता कागद. भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच का, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. "तशी पद्धत आहे," याहून वेगळे उत्तर क्वचित मिळाले. त्याचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ती चुकविण्यासाठी लोकांनी अकरा महिन्यांची युक्ती काढली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती युक्ती निरर्थक करून टाकली आहे. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. ही जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षाही त्यातले दुसरे वाक्य भारी आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. याचा अनुभव मी घेतला आहे. पहिल्या वर्षी मी नोटरीचा शिक्का मारलेल्या कागदावर भागविले. अनामत ३० हजार ठरली होती, त्यातले निम्मे रोख घेतले, आणि कागदावर आकडा लिहायचा राहिला. जाताना गृहस्थ म्हणाले, "साठ दिले होते." मी वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तडजोड करा." पंचेचाळीसवर मिटले. पंधरा हजारांना मी तो कायदा शिकलो! त्या वर्षी नोंदणीचा खर्च मुद्रांकासह दोन हजारांच्या आत आला असता. आता तर ही नोंदणी घरबसल्या होते.

नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मालकाचेही रक्षण आहे. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. तरी मालकांच्या मनातली धास्ती जात नाही. ती अगदीच निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने असंख्य घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर गोठले, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे करारान्वये लायसन्सवर राहत होते ते कायद्याने भाडेकरू झाले. गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. पण तोवर किती चाळी दुरुस्तीवाचून खचल्या होत्या! भाडेकरूला संरक्षण हवेच होते. फाळणीनंतरच्या त्या टंचाईत ते नसते तर माणसे रस्त्यावर आली असती. मात्र भाडे इतके थिजले की मालकाला कौल फिरविणेही परवडेना, आणि पावसाळ्यात भिजला तो भाडेकरूच.

भाडेकरू निवडताना नोकरी, उत्पन्न आणि मागच्या घरमालकाचा अभिप्राय विचारावा. आडनाव ऐकून, किंवा ताटात काय वाढले जाते ते विचारून दार लावणारे मालक मी पाहिले आहेत. अशांची घरे चार-चार महिने रिकामी राहिलेलीही पाहिली आहेत. पोलीस ठाण्याला माहिती कळवावी. ताबा देताना पंखे, नळ, दिवे, किल्ल्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. हल्ली छायाचित्रेही काढून ठेवतात, ते उत्तम. सोसायटी बिगरभोगवटा शुल्क घेईल. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. आणि भांडण कितीही चिघळले तरी पाणी किंवा वीज तोडू नये. तो गुन्हा आहे.

शेवटी अनामतीविषयी. ती रक्कम आली की नवा मालक तिला भाड्याबरोबरच खर्चात धरतो, दिवाळीत पडदे आणि सोफा येतो, आणि अकरा महिन्यांनी भाडेकरू किल्ली घेऊन दारात उभा राहिला की मालक म्हणतो, "दुसरा माणूस येऊ द्या, मग देतो." ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, यादी ताडून पाहावी, मोडतोड असेल तर तिचे बिल दाखवून तेवढेच कापावे, आणि उरलेले पैसे त्याच दिवशी, किल्ली हातात घेतानाच, परत करावेत.