मान व खांद्यांचे जुनाट दुखणे : कारणे व उपाय

पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यात खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे शेतकरी शेकतो आणि त्यांस हळद व तूप चोळतो. एरवीही बैलाचा खांदा सुजला तर जाणता शेतकरी त्यास औताला जुंपीत नाही. जू कोठे काचते ते तो पाहतो व खांदा बरा होईपर्यंत जनावरास विसावा देतो. स्वतःच्या व घरातील स्त्रियांच्या खांद्यांविषयी मात्र एवढी दक्षता क्वचितच घेतली जाते. मान अवघडली, खांदे भरून आले, तरी वेदनाशामक गोळी घेऊन काम चालू राहते. पुढे हेच दुखणे महिनोन्‌महिने टिकते आणि ऐन सुगीत मजुरीचे दिवस बुडतात. म्हणून त्याची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

दुखण्याचे मूळ

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे 5 किलो असते. मान ताठ असताना हा भार मणक्यांवर सरळ पेलला जातो. मान पुढे झुकली की तोच भार मानेच्या मागील व खांद्यांवरील स्नायूंना ओढून धरावा लागतो. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर फारसे श्रम पडत नाहीत, पण तीच हात लांब करून धरली तर थोड्याच वेळात हात भरून येतो. मानेचेही तसेच आहे.

स्नायू आखडतो व सैल होतो तेव्हा त्यातून रक्त खेळते. तो सतत आखडलेला राहिला तर रक्तपुरवठा कमी पडतो, स्नायू थकतो, दुखू लागतो आणि त्यात हाताला लागणाऱ्या कडक गाठी तयार होतात. म्हणजे अपाय कष्टाने होतो त्याहून अधिक विसाव्यावाचून एकाच स्थितीत केलेल्या कष्टाने होतो. अपुरी झोप, पावसाची ओढ आणि कर्जाची चिंता यांनीही स्नायूंचा ताण व वेदना वाढतात.

कोणत्या कामात ताण पडतो

लातूर जिल्ह्यातील सोयाबीनची काढणी व नांदेड जिल्ह्यातील कापसाची वेचणी ही ठळक उदाहरणे होत. सोयाबीन कापताना कंबर वाकलेली व मान पुढे ताणलेली असते. काम गुत्त्याने घेतले असल्यास कोणी उभे राहून अंग सैल करीत नाही. विळ्याची धार बोथट असेल तर प्रत्येक मुठीस अधिक जोर लागतो व तो खांद्यावर येतो. कापूस वेचताना एकाच खांद्याला अडकविलेली झोळी भरत जाते आणि तो खांदा दिवसभर वर उचललेला राहतो.

ओझ्याची कामे निराळी. अर्धापूर भागात केळीचे घड बागेतून वाहनापर्यंत वाहून न्यावे लागतात. ऊसतोडीत मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरावी लागते. बाजार समितीत पोती वाहावी लागतात. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत दारापर्यंतचे पाणी हंडा-घागरीने वाहण्याचे श्रम बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केलेल्या शिफारशीनुसार एका प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे 55 किलोंहून अधिक असू नये व स्त्रियांसाठी ते याहून बरेच कमी असावे. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोंची झाली आहे. तरीही ती एकट्याने उचलणे टाळावे.

फवारणी पंप

पाठीवरील पंपात साधारणतः 15 ते 16 लिटर द्रावण मावते. पंपाचे स्वतःचे वजन धरता खांद्यावर सुमारे 20 किलो भार येतो. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

1. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे व रुंद असावेत. कमरेचा पट्टा असल्यास तो अवश्य बांधावा.
2. पंप जमिनीवरून न उचलता ओट्यावर किंवा उंच बांधावर ठेवून भरावा व तेथूनच पाठीवर घ्यावा.
3. खांदे दुखत असल्यास 10 लिटरच द्रावण भरावे. औषधाची मात्रा पाण्याच्या मापाने त्याच प्रमाणात घटवावी.
4. हाताच्या पंपाचा दांडा दर पंपास डाव्या-उजव्या हाताने आलटून पालटून चालवावा. बॅटरीच्या पंपाने दांड्याचे श्रम वाचतात, परंतु पाठीवरील भार कायम राहतो.
5. गळका पंप वापरू नये. पाठीवर झिरपलेले कीटकनाशक त्वचेतून शरीरात जाते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

काम करण्याच्या रीतीत बदल

खुरपणी किंवा कापणीची एक पात संपली की उभे राहावे, खांदे मागे घ्यावे व पाच-सहा वेळा दीर्घ श्वास घ्यावा. यात एक मिनिट जाते, परंतु दुपारनंतर हाताचा उरक टिकून राहतो. गुत्ते घेणाऱ्या टोळीने हा विसावा सर्वांनी मिळून घ्यावा, म्हणजे कोणी मागे पडत नाही. विळ्यास रोज धार लावावी. कापसाची झोळी कमरेस बांधावी व पूर्ण भरण्यापूर्वीच रिकामी करावी. जेथे सायकल कोळपे चालते तेथे वाकून खुरपण्याचे काम पुष्कळ कमी होते. डोक्यावरील ओझ्याखाली चुंबळ घ्यावी, ओझे दुसऱ्याच्या मदतीने चढवावे आणि एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा कराव्यात.

शेक व व्यायाम

रात्री गरम पाण्याच्या पिशवीने किंवा मिठाच्या पुरचुंडीने 15 ते 20 मिनिटे शेकावे. उष्णता आधी मनगटावर पाहावी. मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी विशेष जपावे. त्यानंतर करडईचे किंवा तिळाचे तेल लावून हलक्या हाताने चोळावे. गुण तेलाच्या नावात नसून उबेत व हाताच्या बेताच्या दाबात आहे.

सकाळी व सायंकाळी पुढील व्यायाम करावेत.

1. दोन्ही खांदे कानांकडे उचलून 5 सेकंद धरावे व सैल सोडावे. असे 10 वेळा करावे.
2. पाठीच्या फऱ्यांची हाडे एकमेकींकडे ओढून 5 सेकंद धरावी. असे 10 वेळा करावे.
3. डावा कान डाव्या खांद्याकडे सावकाश झुकवून 15 सेकंद थांबावे. मग उजवीकडे तसेच करावे. प्रत्येक बाजूस 3 वेळा पुरे. झटका देऊ नये.
4. हनुवटी सरळ मागे घेऊन 5 सेकंद धरावी. असे 10 वेळा करावे.

दिवसभर राबणाऱ्यास व्यायाम कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शेतकामात स्नायू बहुधा ताणलेलाच राहतो, तर व्यायामात तो आखडतो आणि पुन्हा पूर्ण सैल होतो. डेन्मार्कमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मान व खांदेदुखी असलेल्या नोकरदार स्त्रियांना आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 20 मिनिटे, असा 10 आठवडे खांद्यांच्या बळकटीचा व्यायाम दिला असता त्यांची वेदना पुष्कळ कमी झाली. म्हणून दुखणे थोडे उतरल्यावर दोन्ही हातांत लिटरभर पाण्याच्या बाटल्या धरून पहिला व्यायाम करावा. गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, हे ध्यानी ठेवावे.

झोपताना उशी एकच व बेताच्या उंचीची असावी. रात्री मान खाली घालून मोबाईल पाहत बसल्यास दिवसभर ताणलेल्या स्नायूंना विसावा मिळत नाही.

काय करू नये व केव्हा दाखवावे

केस कापावयास गेले असता मान मोडून घेण्याची सवय सोडावी. जोराच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊ शकते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून रोज घेऊ नयेत. त्यांनी जठरास व मूत्रपिंडास अपाय होतो आणि उन्हात घाम जाऊन शरीरातील पाणी घटले असता तो धोका वाढतो.

हातास मुंग्या येणे, मूठ सैल पडणे, चालताना तोल जाणे, तापासह मान ताठरणे, किंवा झाडावरून अथवा बैलगाडीवरून पडल्यानंतर मान दुखणे ही लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात, अथवा नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वरित दाखवावे. छातीत दाब, घाम व खांद्यातून हातात उतरणारी कळ ही हृदयविकाराची खूण असू शकते. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या उपायांपैकी बहुतेकांस खर्च नाही. येत्या सुगीपूर्वी विळ्याची धार, पंपाचे पट्टे व कापसाची झोळी एवढे जरी प्रत्येक कुटुंबाने तपासून घेतले, तरी अनेकांचे हंगामातील दुखणे टळेल.