लोकचाल वाद्यावर चढताना
लेखांक 7 : हवाईची चाल आणि जांबचा श्लोक

होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेतल्या जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याने 1889च्या सुमारास गिटारीच्या तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवून पाहिला, असे सांगतात. सूर तुटक न निघता घसरत जाऊ लागला. 1915च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर या हवाईयन गिटारीचे वेड अमेरिकेत पसरले, आणि ते आपल्याकडेही येऊन पोहोचले. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्या गिटारीवर राग वाजवले. त्यांचा सहभाग असलेली 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. विश्वमोहन भट यांना तर त्याच घराण्यातल्या वाद्याच्या वादनासाठी 1994 साली ग्रॅमी मिळाले. आपल्या वादकांना मींड हवी होती, ती या वाद्यात आयती सापडली. हवाईच्या चाली मात्र तिकडेच राहिल्या.

त्यातली एखादी चाल घेऊन डबल बेस आणि पियानोसाठी रचना करायची, तर पहिला प्रश्न सुरावटीचा नसतोच. हवाईची परंपरागत चाल म्हणजे नेमकी कोणत्या काळातली, हे आधी ठरवावे लागते.

तिथे ‘ओली’ नावाचे पठण आहे. साथीला वाद्य नाही, सूर मोजकेच, आणि लांबलचक ओळ एका श्वासात. नृत्याबरोबर म्हणायचे ‘मेले हुला’ वेगळे. त्याला भोपळ्याच्या वाद्याचा ठेका असतो. 1820 साली अमेरिकन मिशनरी उतरले आणि त्यांच्या स्तोत्रांमधून ‘हिमेनी’ गाणी जन्मली. 1872मध्ये प्रशियाहून आलेल्या हेन्री बर्गरने राजाच्या बँडला युरोपीय शिस्त लावली. जगाला माहीत असलेले ‘अलोहा ओए’ हे लिलिउओकलानी यांनी 1878मध्ये रचले. पुढे त्या राणी झाल्या, 1893मध्ये पदच्युतही झाल्या. हे गीत याच मिश्र वातावरणातले. त्याच्या चालीत कॉर्ड मुरलेलेच आहेत, त्यामुळे पियानोला तिथे हक्काने बसता येते. ओलीत कॉर्डला जागाच नाही. दोन्हींना एकच साथ लावणारा रचनाकार दोन्ही बिघडवतो.

ओली समजून घ्यायला जालना जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्म 1608चा. त्यांचे मनाचे श्लोक 205, वृत्त भुजंगप्रयात. लघु-गुरु-गुरु हा पाच मात्रांचा गट ओळीत चार वेळा येतो, एकूण वीस मात्रा. मराठी घरात संध्याकाळी ते ज्या चालीत म्हटले जातात ती चार-पाच सुरांतच फिरते. सुराची चैन नाही; जोर सगळा अक्षरांच्या चालण्यावर. ओलीचा स्वभाव याहून फार लांबचा नाही.

आता हा श्लोक डबल बेसला द्या. त्याच्या चार तारा इ, ए, डी, जी अशा लागतात. सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण 41 कंपनांची. त्या खोलीत चाल वाजवली, तर नुसती गुरगुर ऐकू येईल. म्हणून चाल जी तारेवर, वरच्या भागात न्यायची. षड्ज डी धरला की त्याची मोकळी तार तंबोऱ्याचे काम करते. गज ओढत, बोट घसरवत एका सुरावरून दुसऱ्यावर जाता येते. केकुकूच्या पोलादाने जे साधले ते इथे नुसत्या बोटाने होते. पडदे नसल्याचा हा फायदा. बेसूर व्हायची सोयही त्यातच आहे, हे वादकांना सांगायला नको.

अडचण पियानोची. पट्टीला बांधलेले सूर मींड घेऊ शकत नाहीत. याच कारणासाठी आकाशवाणीने 1940मध्ये हार्मोनियमला दार बंद केले आणि ते 1971पर्यंत बंद ठेवले. पियानोवर बंदी घालण्याची गरज नाही, पण डावा हात बेसच्या पट्ट्यातून वर काढायलाच हवा, नाहीतर दोन्हींचा चिखल होतो. एक जुनी युक्ती इथे फार उपयोगी पडते : काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या. बेसवर सूर लागला की पियानोच्या मोकळ्या झालेल्या तारा आपोआप गुंजतात. साथ मिळते, पण कॉर्ड लादला जात नाही. दुसरे पथ्य मात्रांचे. पियानोवादकाचा हात सवयीने पाचाच्या सहा करतो, आणि तिथे भुजंगप्रयात मेला.

हे असे साधते याचा पुरावा लाखो लोकांनी रोज सकाळी ऐकला आहे. प्रागहून 1934मध्ये मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन यांच्या नावे आकाशवाणीची संकेतधून ओळखली जाते. तंबोऱ्यावर व्हायोलिनची शिवरंजनीसारखी फिरत, आणि बस. कॉर्डची दाटी त्यांनी टाळली. युरोपात शिकलेल्या माणसाला तो मोह सोडणे किती जड गेले असेल!

जांब, अंबड, परतूर भागात वडीलधाऱ्यांकडून आलेली श्लोकांची निराळी चाल कोणाच्या घरी म्हटली जात असेल, तर त्यांनी ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून गावाच्या नावासह जपून ठेवावी. पुढच्या आठवड्यात गोव्याचा मांडो. घुमट आणि व्हायोलिनच्या साथीचा हा प्रकार दोन आवाजांत गातात, म्हणून तिथे पियानोचे काम बरेच सोपे आहे.