खुंटी कोणती, आणि किती?

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा हात एके दिवशी खांद्याच्या वर उचलेनासा होतो. एमआरआयच्या अहवालात ‘रोटेटर कफ’ फाटल्याचे निदान येते आणि शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात एक ओळ दिसते : ‘सूचर अँकर – ४ नग’. शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, खोलीभाडे यांविषयी नातेवाईक विचारपूस करतात. या ओळीविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण ती वस्तू काय असते हेच ठाऊक नसते. खासगी रुग्णालयांतील अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा अनेकदा याच ओळीत असतो. देशाच्या वैद्यकीय उपकरण धोरणातील एक उणीवही तिथेच सापडते.

सूचर अँकर म्हणजे हाडात रोवायची, धागा ओवलेली लहानशी खुंटी. फाटलेला स्नायुरज्जू त्या धाग्याने हाडाशी आवळून बांधला की काही महिन्यांत तो हाडाला पुन्हा जुळणे अपेक्षित असते. खुंटीचे काम तेवढ्या काळापुरते. वारंवार निखळणाऱ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेतही हेच तंत्र वापरले जाते, आणि तिथे रुग्ण बहुधा तरुण असतो.

या खुंट्यांचे ढोबळमानाने पाच प्रकार आहेत. टायटॅनियमची खुंटी मजबूत, क्ष-किरणांत स्पष्ट दिसणारी. परंतु एमआरआयची प्रतिमा बिघडवणारी, आणि जागेवरून सरकलीच तर सांध्याची कूर्चा खरवडणारी. दुसरी शरीरात विरघळणारी. हिचे पदार्थ फार लवकर विरघळले तर पकड सुटते आणि फार सावकाश विरघळले तर वर्षानुवर्षे तसेच राहतात. काही रुग्णांत खुंटीभोवतीचे हाड झिजून पोकळी पडल्याचे आढळले आहे. तिसरी ‘पीईईके’ या टणक प्लास्टिकची : ती विरघळत नाही, एमआरआयमध्ये अडथळा आणत नाही आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर तिच्यातून छिद्र पाडता येते. चौथी विरघळणाऱ्या पदार्थात कॅल्शियमचे क्षार मिसळलेली. तिच्या जागी हाड भरून यावे ही अपेक्षा. पाचवी निव्वळ धाग्याची. तिला लागणारे छिद्र अत्यंत लहान असते, मात्र तिची सारी भिस्त हाडाच्या वरच्या कठीण थरावर असते.

प्रत्येक प्रकाराची बाजू मांडणारे शल्यविशारद आहेत आणि त्यांच्या पसंतीला अनुभवाचा आधार आहे. तथापि रुग्णाचा हात किती उचलला जातो आणि वेदना किती कमी होते, या कसोट्यांवर निरनिराळ्या पदार्थांच्या खुंट्यांची तुलना केली असता फरक फारसा आढळत नाही. दुरुस्ती फसते तेव्हा खुंटी हाडातून उपटून येणे हे नेहमीचे कारण नसते. बहुतेकदा धागा स्नायुरज्जूला कापत बाहेर येतो. जखम जुळेल की नाही हे मुख्यतः रुग्णाचे वय, फाटलेल्या भागाचा आकार आणि स्नायूत शिरलेली चरबी यांवर अवलंबून असते. अंदाजपत्रकातील सर्वात महाग नगाने यांपैकी काहीही बदलत नाही.

दुसरा प्रश्न संख्येचा. खुंट्या एका ओळीत बसवाव्यात की दोन? दुहेरी ओळीत नग साहजिकच वाढतात. मोठ्या फाटीत दुहेरी ओळीने स्नायुरज्जू पुन्हा फाटण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यास सांगतात. लहान फाटीत रुग्णाला जाणवण्याजोगा फरक सातत्याने दिसलेला नाही. म्हणजे ‘किती?’ या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर आहे, पण ते रुग्णागणिक बदलते.

यापूर्वी सरकारने रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली ती दोनदा गाजली. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्यावर. औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. दोन्ही निर्णय रुग्णांच्या हिताचेच होते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ ठरली. त्यामुळे त्यांची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पण ज्या उपकरणावर कमाल मर्यादा नाही, त्याची मूळ किंमत किती छापावी यावर बंधन नाही. नफा किती चढवला जातो, याची झलक राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली तेव्हा मिळाली : काही वस्तूंवरील नफा १,७०० टक्क्यांपलीकडे होता.

मग खुंटीवरही मर्यादा घालावी, हे सोपे उत्तर वाटते. ते अपुरे आहे. एका गुडघ्यात एकच कृत्रिम सांधा बसतो, खांद्यात मात्र दोन खुंट्याही बसतात आणि सहाही. नगाची किंमत बांधून दिली आणि नगांची संख्या मोकळी सोडली, तर तोटा संख्येतून भरून काढण्याचा मोह निर्माण होईल. शिवाय पाच पदार्थ आणि अनेक रचना असलेल्या वस्तूला एकच दर लावला, तर चांगली देशी खुंटी आणि सुमार आयात एकाच मापाने मोजली जाईल. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत देश ७० ते ८० टक्के आयातीवर अवलंबून असताना, देशी उत्पादकाला गुणवत्ता सिद्ध करण्याची वाट मिळणे अगत्याचे आहे.

ती वाट नोंदणीतून जाते. प्रत्येक खुंटीच्या खोक्यात निर्माता आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती केसपेपरवर चिकटवली जाते आणि केसपेपर फडताळात जातो. नोंद हाताशी नसल्याची किंमत देशाने कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात मोजली आहे. ‘एएसआर’ खुबे २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते, आणि सरकारी समितीने चौकशी केली तेव्हा बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्याकडे उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादहून चालतो, पण तो बिघाड कोणी कळवला तरच जागा होतो.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. खुंटीचा पदार्थ, निर्माता, संख्या आणि दर संमतिपत्रात शस्त्रक्रियेपूर्वी लिहिलेले असावेत. सरकारी विमा योजनांनी नगाऐवजी फाटीच्या आकारानुसार संपूर्ण शस्त्रक्रियेचा दर ठरवावा, म्हणजे अनावश्यक नगाचा लाभ कोणालाच उरणार नाही. आणि केसपेपरवरच्या त्या चिकटपट्टीची नोंद संगणकात जावी, वर्षभराने रुग्णाचा हात किती उचलला जातो या उत्तरासह. याचा आरंभ एम्ससारख्या सार्वजनिक संस्थांतून करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

चार नग की दोन, टायटॅनियम की धागा, हा निर्णय शल्यविशारदाचाच राहावा. पण तो कशाच्या आधारे झाला हे विचारण्याचा अधिकार पैसे भरणाऱ्या रुग्णाला असावा, आणि उत्तर देण्यासाठी शल्यविशारदाजवळ विक्रेत्याच्या माहितीपत्रकाखेरीज देशातील रुग्णांची आकडेवारीही असावी.