ओंबिलींचं विणलेलं घर

न्यूयॉर्कमधल्या एका मोकळ्या जागेचं कुंपण मोडतं. माणसं आडवाटेने तिथून जायला लागतात आणि गवतातल्या किड्यांच्या घरांवर पाय पडू लागतात. फ्लायशर बंधूंच्या ‘मिस्टर बग गोज टू टाउन’ या 1941 च्या कार्टूनपटाची ही गोष्ट. किड्यांच्या जागेवर उंच इमारत उभी राहते. हॉपिटी नावाचा नाकतोडा आणि त्याचे सोबती तिच्यावर चढत जातात आणि गच्चीवरच्या बागेत घर मिळवतात. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सुमारास आलेला हा चित्रपट चालला नाही. मला मात्र तो आपल्याच खाडीचा वाटतो.

धरमतर खाडीलगत, पेणच्या बाजूला, बांधावरच्या भेंडीच्या झाडांवर ओंबिली असतात, म्हणजे झाडावरच्या तांबूस मुंग्या. त्यांना तयार घर मिळत नाही; त्या ते विणतात. एकटीला पान ओढवलं नाही की एक दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची. अशा साखळीने पानांच्या कडा जवळ येतात. मग काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून आणतात. अळीचं तोंड या कडेला टेकवायचं, मग त्या कडेला. रेशमाचा धागा सुटत जातो आणि अळी मागावरच्या धोट्यासारखी इकडून तिकडे फिरते. इतर कित्येक मुंग्यांच्या अळ्या रेशमाने स्वतःभोवती कोष विणतात. ओंबिलीची अळी ते घराला देऊन टाकते, म्हणून तिला कोष नसतो.

एका कुटुंबाची अनेक घरटी असतात, शेजारच्या झाडांवरही पसरलेली. राणी मात्र एकाच घरट्यात. या मुंग्या झाडावरचे किडे फस्त करतात. चीनमधले बागायतदार चौथ्या शतकापासून त्यांची घरटी आणून संत्रावर्गीय झाडांवर टांगत. पुढे एका झाडावरून दुसऱ्यावर जायला बांबूचे पूलही बांधू लागले.

आपल्याकडे ओंबील चावली की आग होते, म्हणून लोक घरटं पेटवून देतात. बांधाची डागडुजी करताना भेंडीही सरसकट छाटली जाते. त्यात राणीचं घरटं गेलं, तर एक घरटं नाही, अख्खं कुटुंब मोडतं. माझं सांगणं एवढंच: घरटी असलेल्या फांद्या राखा. दोन झाडांच्या एकमेकींना टेकलेल्या फांद्या तोडू नका. तोडावीच लागली, तर तिथे बांबूची एक काठी आडवी बांधून द्या.