रजिस्टरात ‘निल’

वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेतलं लॉगबुक हातात आलं, की माझा डोळा आधी शून्यांवर जातो. पीएच ८.१, तापमान ठीक, मोकळं क्लोरीन ‘निल’. खालच्या ओळीत पुन्हा निल. पानभर निल, आणि त्यातल्या चार नोंदी एकाच पेनानं, एका दमात लिहिलेल्या. कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन कधीच सापडत नसेल, तर एक तर ते टाकलं जात नाही, किंवा नीट मोजलं जात नाही. टाकलंच जात नसेल, तर स्टोअरमध्ये क्लोरीनचे रिकामे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, कुठून साठले?

आमचं वर्कशॉप लोणी काळभोरात. इथे वीजकेंद्र नाही. इथे तेल कंपन्यांचे डेपो, सोलापूर रस्त्यावर टँकरच्या रांगा आणि दिवसभर हॉर्न. तरी कुठकुठल्या केंद्रांचे क्लोरीन अनालायझर दुरुस्तीला आमच्या बाकावर येतात, आणि खोक्यात यंत्राबरोबर किस्सेही येतात. नावं कुणाचीच सांगणार नाही. सांगितली तर पुढचं खोकं यायचं नाही.

आधी हे क्लोरीन तिथे जातं कशाला ते सांगतो. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला कंडेन्सर असतो, आणि त्याच्या हजारो नळ्यांतून थंड पाणी सतत फिरत असतं. त्या पाण्यात शेवाळ, जिवाणू, समुद्राचं पाणी असेल तर शिंपल्यांची पिल्लं. नळीच्या आत बुळबुळीत थर धरला की उष्णता बाहेर जात नाही, व्हॅक्यूम पडतो आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जळतो. म्हणून क्लोरीन. पण तेच पाणी पुढे खाडीत किंवा नदीत जाणार, आणि तिथल्या माशांनी काय गुन्हा केला? म्हणून पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या तक्त्यात औष्णिक केंद्रांसाठी एक ओळ आहे: बाहेर पडणाऱ्या थंडाव्याच्या पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर नको. कूलिंग टॉवरच्या ब्लोडाऊनलाही तोच आकडा. केंद्रातली माणसं त्याला नुसतं ‘पॉइंट पाच’ म्हणतात.

पॉइंट पाच ऐकायला किरकोळ वाटतं. पण समुद्राचं पाणी एकदाच फिरवून सोडून देणाऱ्या ५०० मेगावॅटच्या संचाला तासाला साधारण ६० हजार घनमीटर पाणी लागतं. गुणाकार करा. मर्यादेच्या अगदी काठावर राहिलं, कायदा पाळला, तरी तासाला ३० किलो क्लोरीन बाहेर. गंमत म्हणजे आमच्याच गावात पाणीपुरवठ्याचा माणूस सकाळी टीसीएल पावडर टाकून नळाशी ओटी टेस्ट करतो, तेव्हा त्याची काळजी बरोबर उलटी: पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ तरी उरलंच पाहिजे. त्याला पिवळा रंग दिसला नाही तर बोलणी बसतात, आणि केंद्रातल्या केमिस्टला रंग दिसला तर.

केंद्रात या एका आकड्याची तीन गिऱ्हाइकं असतात. ऑपरेशनवाल्याला क्लोरीन भरपूर हवं, कारण व्हॅक्यूमचा जाब त्याला द्यायचा असतो. पर्यावरण विभागाला शून्य हवं. आणि बाटली हातात धरून उभा असतो तो शिफ्ट केमिस्ट, बहुधा सगळ्यांत कमी पगाराचा. त्याच्याकडे दोघेही अशा नजरेनं बघतात, की बिचारा आकडा लिहिण्याआधी चेहरे वाचतो.

राज्याच्या आतल्या भागातल्या एका केंद्राचा किस्सा. तिथे कूलिंग टॉवर. १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या केंद्रांना नदी-तलावाचं पाणी वापरायचं तर टॉवर बांधणं सक्तीचंच आहे. पाणी टॉवरमध्ये गोल गोल फिरतं, थोडं वाफ होऊन उडतं, क्षार वाढले की थोडं ब्लोडाऊन म्हणून सोडायचं. शेवाळ वाढलं होतं म्हणून रात्रपाळीत हायपोचे, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या द्रावाचे, कारबॉय टाकीत ओतले. तासाभरानं नवीन मुलानं ब्लोडाऊनचा नमुना घेतला. कुपीत दहा मिलिलिटर पाणी, डीपीडीचं, म्हणजे क्लोरीन असलं की गुलाबी होणाऱ्या औषधाचं, पाकीट फाडून टाकलं, हलवलं, यंत्रात ठेवलं. शून्य. लिहिलं ‘निल’. दुसऱ्या रात्री पुन्हा ओतणं, पुन्हा निल.

तिसऱ्या दिवशी सकाळपाळीला आलेल्या जुन्या केमिस्टनं रजिस्टर पाहिलं आणि विचारलं, “काय रे, एवढं हायपो गेलं कुठे?”

“सर, शेवाळानं खाल्लं असेल.”

“पाकीट टाकताना कुपीकडे बघत होतास, की यंत्राकडे?”

मुलगा गप्प. त्या रात्री सर स्वतः थांबले. पाकीट टाकल्याबरोबर कुपीत क्षणभर गुलाबी रेघ उमटली आणि डोळ्यांदेखत पुसली गेली. पाणी पुन्हा स्वच्छ. यंत्र म्हणालं शून्य. मग त्यांनी तोच नमुना डिस्टिल्ड वॉटरनं दहापट पातळ केला आणि नवं पाकीट टाकलं. कुपी जास्वंदीसारखी लाल-गुलाबी झाली. आकडा १.४, म्हणजे मुळात १४. क्लोरीन इतकं होतं, की त्यानं रंग देणारं औषधच जाळून टाकलं. मर्यादेच्या अठ्ठावीस पट पाणी बाहेर चाललं होतं, आणि रजिस्टर म्हणत होतं निल. सरांनी आधी ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. डोस देताना तो बंदच हवा असतो. क्लोरीन आपोआप उतरू द्यायचं, उन्हात ते लवकर उडतं, मोजून खात्री झाली की मग उघडायचा. त्या प्रयोगशाळेत त्यानंतर नियम झाला: शून्य आलं की नमुना पातळ करून पुन्हा बघायचा. चार ओळींचा नियम, पण बाजारातल्या कुठल्याही महागड्या सेन्सरपेक्षा कामाचा.

डीपीडीची ही पद्धत १९५७ मध्ये पेलिन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं बसवली. त्याआधीची ऑर्थोटॉलिडिन, म्हणजे आपली ओटी, तब्येतीला घातक म्हणून बऱ्याच देशांनी सोडली. आपल्या गावोगावच्या टाक्यांवर ती अजून सुखानं नांदते आहे.

केंद्रांवर पाठवायच्या नव्या मुलांना मी पुस्तक देत नाही. लोणीला एक सोय आहे, गावाच्या एका अंगाला खडकवासल्याहून येणारा कालवा आणि दुसऱ्या अंगाला पुण्याचं सगळं पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा. मुलाला दोन बाटल्या भरून आणायला सांगतो. थेऊरच्या बाजूला नदीवर जलपर्णी बाजूला सारून बाटली बुडवावी लागते, तिथेच अर्धं शिक्षण होतं. दोन्ही पाणी गाळायचं, दोन्हीत सारखंच हायपो घालायचं, अर्ध्या तासानं मोजायचं. कालव्याच्या पाण्यात बरंचसं क्लोरीन शिल्लक असतं. नदीच्या पाण्यात मोकळं क्लोरीन जवळपास नसतंच. गेलं कुठे? काही सेंद्रिय घाणीनं खाल्लं, आणि बरंचसं अमोनियाला चिकटून क्लोरामाइन झालं. ते मोकळं नाही, पण पाण्यातून गेलेलंही नाही, आणि माशांना तेही बाधतं.

पुढची गंमत चहाच्या वेळी. नदीच्या नमुन्यात पाकीट टाकून एकाला लगेच वाचायला लावतो, दुसऱ्याला चहा पिऊन आल्यावर. कुपी तीच. पहिल्याचा आकडा नगण्य, दुसऱ्याचा बराच मोठा, कारण मधल्या वेळात क्लोरामाइननं हळूहळू गुलाबी रंग चढवलेला असतो. दोघं भांडतात, यंत्र बिघडलंय म्हणतात. यंत्र ठणठणीत असतं. मोकळं क्लोरीन मोजायचं तर मिनिटाच्या आत वाचायचं, आणि एकूण मोजायचं तर पोटॅशियम आयोडाइडवालं पाकीट वेगळं.

हा निव्वळ वर्कशॉपमधला खेळ नव्हे. नागपूरच्या भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला थंडाव्यासाठी दिलं जातं, रोज १३ कोटी लिटर क्षमतेचा तो प्रकल्प. माझ्या मते राज्यातल्या पाण्याच्या बाबतीतला तो फार शहाणपणाचा व्यवहार आहे. परळीचं केंद्र जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, ते आठवलं की शहराच्या सांडपाण्याची किंमत कळते. पण असं पाणी वापरणाऱ्या केमिस्टला अमोनियाशी संसार करावाच लागतो, आणि तिथे नुसता ‘मोकळं क्लोरीन’चा रकाना भरून भागत नाही.

समुद्रकाठी प्रकरण आणखी वेगळं. तारापूर १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावर चालतं, डहाणूचं केंद्र खाडीच्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असतं. क्लोरीन पाण्यात पडलं की ते ब्रोमाइडवर तुटून पडतं आणि ब्रोमीनची संयुगं तयार करतं. म्हणजे आउटफॉलला, पाणी बाहेर पडतं तिथे, उभं राहून आपण ज्याला क्लोरीन म्हणून मोजतो, ते बहुतेक ब्रोमीन असतं. डीपीडीला फरक कळत नाही, ती दोघांनाही गुलाबीच होते.

आणि शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे खायचे शिंपले. कोकणातल्या एका केंद्रात वार्षिक शटडाऊनला पाण्याचा बोगदा उघडला, तर भिंतीवर शिनाण्यांचा थरावर थर. कामगारांनी घमेल्यांनी काढले. त्यातल्या एका स्थानिक मावशींनी हिशेब घातला, की बाजारात याचा भाव काय, आणि पदर खोचून पिशवी भरायला घेतली. केमिस्ट धावत आला, “मावशी, हे खायचे नाहीत, औषधाच्या पाण्यातले आहेत.” मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “औषधानं मेले नाहीत ते. मग औषध कसलं?”

प्रश्न बिनतोड होता. दिवसातून दोनदा तासभर कडक शॉक डोस द्यायची तिथली पद्धत. शिनाण्याला पाण्यात काही झोंबतंय असं कळलं, की तो शिंपला मिटून बसतो. तासभर काय, काही दिवससुद्धा तग धरतो. डोस संपला की उघडतो आणि जेवायला लागतो. त्याला आवरायचं तर सौम्य मात्रा पण अखंड लागते. शॉक डोस चालतो तो जिवाणूंवर आणि शेवाळावर. पण अखंड डोस म्हणजे आउटफॉलला अखंड काहीतरी दिसणार, आणि ‘निल’ची सवय लागलेल्या साहेबाला ते बघवत नाही. अमेरिकेत २५ मेगावॅट आणि त्यावरच्या, पाणी एकदाच वापरणाऱ्या केंद्रांना मोकळं नव्हे तर एकूण क्लोरीन ०.२ पर्यंतच, आणि शिंपल्यांसारख्या जिवांना आवरायला जास्त वेळ लागतो हे सिद्ध केल्याशिवाय एका संचातून दिवसाला दोन तासांहून जास्त नाही, असं बंधन आहे. आपल्या ओळीत फक्त मोकळं क्लोरीन, आणि तासांचा उल्लेखच नाही. ती ओळ लिहिणाऱ्यांनी कधी मिटलेला शिनाणा पाहिला असता, तर बरं झालं असतं.

शॉक डोसवरून आठवलं. तपासणीला साहेब येणार असं कळलं, की डोसिंग पंप चहाला जातो. हे सगळीकडे घडतं असं नाही, पण ज्याला माहीत नाही तो केंद्रात नवा आहे. आणि पंप चालू असला तरी फारसं बिघडत नाही. नमुना बाटलीत भरला, बर्फाच्या पेटीत ठेवला, लांबच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी पोचला, की त्यातलं क्लोरीन वाटेतच संपलेलं असतं. इतर गोष्टी पेटीतून नेता येतात, क्लोरीन नाही. ते जागेवरच, सावलीत उभं राहून, मोजायचं असतं. सगळी माहिती असलेला केमिस्ट अशा वेळी शांतपणे बाटलीचं झाकण घट्ट करून देतो आणि सही घेतो.

आता ऑनलाइन अनालायझर आले. माणसाचा हात मध्ये नको म्हणून. त्याचाही एक किस्सा आहे. एका केंद्राच्या अनालायझरवर महिनोन् महिने ०.०२, ०.०३, कधी ०.०१. हातानं घेतलेला नमुना मात्र ०.३ दाखवायचा. ठेकेदारानं सेन्सर बदलला, पडदा बदलला, मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर लावला. फरक शून्य. शेवटी आमचा मुलगा गेला. त्यानं यंत्राला हातच लावला नाही, नळीच्या मागे चालत गेला. आउटफॉलपासून यंत्राच्या खोलीपर्यंत लांबलचक पारदर्शक प्लास्टिकची नळी, भर उन्हात पडलेली, आणि आतून हिरवीगार. चाकूनं वीतभर तुकडा कापून त्यानं बोट फिरवलं, बोटाला हिरवा चिकटा. कंडेन्सरमध्ये जे मारायला क्लोरीन घालतात तेच नळीत मजेत वाढत होतं, आणि यंत्रापर्यंत पोचायच्या आत सगळं क्लोरीन खाऊन टाकत होतं. यंत्र खरं बोलत होतं. त्याच्यापर्यंत येणाऱ्या पाण्यात क्लोरीन नव्हतंच.

त्यानं खोलीऐवजी आउटफॉलच्या कडेला छोटी पेटी बसवली, आखूड काळी नळी टाकली, पाण्याचा वेग वाढवला. दर्शकावर ०.३१ आलं. हाताच्या नमुन्याशी जुळलं. कायद्याच्या आत, मर्यादेच्या खाली, सगळं व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्यालयातून केंद्रावर फोन. “अहो, तुमच्याकडे एका रात्रीत क्लोरीन दहापट वाढलंय! काय टाकलंत?”

केमिस्ट म्हणाला, “काही नाही साहेब, नळी बदलली.”

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रश्न आला, “जुनी आहे का अजून?”