आयरिश लोककथेचे सामूहिक वाचन

१८३१ पासून आयर्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते. घरी आयरिश बोलणाऱ्या मुलांची भाषा वर्गाबाहेरच राहिली. पुढे १९३७ ते १९३९ या काळात शालेय विद्यार्थ्यांनीच वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या लोककथा, काही आयरिशमध्ये, वह्यांत उतरवल्या.

अशी कथा नवशिक्यांनी एकत्र वाचण्यामागे भाषिक कारणही आहे. आयरिशमध्ये शब्दाचा आरंभच बदलतो. ‘बाद’ म्हणजे होडी. परंतु ‘माझी होडी’ म्हणजे ‘मो वाद’. बदललेले रूप कोशात शोधताना एकटा वाचक अडखळतो. चौघांत एकाला तरी मूळ शब्द आठवतो. कथेतील पुनरुक्तीने तो सर्वांच्या जिभेवर रुळतो. ज्या वर्गाने भाषा नाकारली, त्याच वर्गात ती अशी परत मिळवता येते.